जमिनीखालच्या टक्क्यांचा हिशोब

(आपल्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे आणि जे लांबलं होतं ते कमी केलं आहे.)



मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. या इमारतीत मला सलग पंचवीस मिनिटं बोलू द्यायची ही पहिलीच वेळ आहे. पूर्वी दोन मिनिटं झाली की खडू यायचा. गणिताचे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्या हातात खडू नाही, हे बघूनच मी उभा राहिलो आहे.

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एका मित्रानं मला विचारलं, "काऊन रे, आता एआय आला म्हनते. जमिनीखाली काय हाये ते कम्प्युटरच सांगते. मंग तुह्या नोकरीचं काय?" खाली वीस-पंचवीस हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी अंगठा दाखवून विषय संपवला. पण त्या मित्राचा मुलगा बारावीला आहे, त्याला भूशास्त्राला जायचं आहे आणि बापाला खरोखर काळजी वाटते आहे, हे नंतर कळलं. तेव्हा ठरवलं की मेळाव्यात याच प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं. त्यात माझी एक चूक सांगावी लागेल. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. इथे सांगायला हरकत नाही, इथल्या लोकांनी माझ्या याहून मोठ्या चुका पाहिल्या आहेत.

माझं काम एका वाक्यात सांगतो. खदानीतलं खनिज खणायच्या आधी त्यात धातू किती टक्के आहे याचा अंदाज करायचा. आपण तुमसरचे. आपल्या तालुक्यात एका बाजूला धानाचा बाजार आणि दुसऱ्या बाजूला डोंगरी बुजुर्ग, चिखला या मँगनीजच्या खदानी. त्यामुळे तुम्हाला हे समजावणं मला मुंबईच्या लोकांपेक्षा सोपं जातं.

धानाचा व्यापारी काय करतो? पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो, तळहातावर घोळवतो आणि भाव सांगतो. आम्हीही तेच करतो. जमिनीत नळी खुपसतो, तिला बोअरहोल म्हणतात. आतून दगडाची लांबच लांब कांडी निघते, तिला कोअर म्हणतात. ती मीटर-मीटरचे तुकडे करून प्रयोगशाळेत पाठवतो आणि टक्के येतात. फरक एवढाच की पोतं एकसारखं असतं आणि जमीन नसते.

हा फरक किती मोठा आहे, ते आकड्यात सांगतो. नेहमीच्या कोअरची जाडी साधारण ४७.६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या बांगडीपेक्षाही कमी. दोन बोअरहोलमधलं अंतर पन्नास मीटर धरा. म्हणजे प्रत्येक होल पन्नास बाय पन्नास, अडीच हजार चौरस मीटर जमिनीच्या वतीने बोलतो. सर, मी गणित करून आणलं आहे: कोअरचं क्षेत्रफळ जवळपास १७.८ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर चौदा लाखांत एक भाग आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. चौदा लाख माणसांपैकी एकाला विचारून सगळ्यांचं मत सांगायचं, आणि त्यावर कोट्यवधी रुपयांची यंत्रं आणि शेकडो माणसांची रोजी ठरवायची. हा माझा धंदा.

जुन्या काळी यावर सोपा उपाय होता. नकाशावर दोन होलच्या बरोबर मध्ये रेघ मारायची, गावाच्या शिवेसारखी. शिवेच्या अलीकडची जमीन या होलची, पलीकडची त्या होलची. होलमध्ये ४० टक्के आले की त्याच्या शिवारात सगळीकडे ४० टक्के. हिशोब चटकन होतो, पण तो एका ठरावीक पद्धतीनं चुकतो.

ती पद्धत दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिग या खाण अभियंत्यानं पकडली. जोहान्सबर्गजवळच्या विटवॉटर्सरँड भागातल्या सोन्याच्या खाणींचे जुने आकडे त्यानं तपासले. नमुन्यांवरून ज्या भागात सोनं फार जास्त दिसलं होतं, तिथं प्रत्यक्ष खणल्यावर कमी निघत होतं, आणि जिथं फार कमी दिसलं होतं तिथं थोडं जास्त निघत होतं. शिक्षकांना हे नवीन नाही. घटक चाचणीत एखाद्याला पंचवीसपैकी पंचवीस पडले, तर त्यात त्याचा अभ्यास असतो आणि थोडा त्या दिवसाचा योगही असतो. वार्षिकला तो पुन्हा शंभरपैकी शंभरच आणेल असं कोणी शिक्षक धरत नाही. वर्गाची सरासरी ध्यानात ठेवून आपण मनात अंदाज थोडा खाली आणतो. क्रिगनं हेच गणितात मांडलं. १९५१ साली त्यानं विटवॉटर्सरँड विद्यापीठात यावर प्रबंध दिला.

पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज माथेरॉन नावाच्या गणितज्ञानं त्यावर पूर्ण शास्त्र उभं केलं. आपल्या माथेरानशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव पाठ व्हायला बरं. त्यानं या पद्धतीला क्रिगचंच नाव दिलं: क्रिगिंग. दुसऱ्याच्या नावानं आपलं काम ओळखू द्यायला मन मोठं लागतं. या सगळ्या शास्त्राला आता जिओस्टॅटिस्टिक्स म्हणतात.

त्याचं मूळ फार साधं आहे. जवळच्या गोष्टी लांबच्या गोष्टींपेक्षा एकमेकींसारख्या असतात. तुमच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी लागलं, तर शेजारच्या शेतात पन्नासच्या आत लागेल असं तुम्ही म्हणता. चार कोसांवरच्या गावाबद्दल तेच छातीठोकपणे म्हणत नाही. प्रश्न असा की हा शेजार किती अंतरापर्यंत टिकतो? त्यासाठी आम्ही सगळ्या होलच्या जोड्या लावतो. एकात ३६ टक्के, दुसऱ्यात ४०. फरक ४, त्याचा वर्ग १६, त्याचं अर्धं ८. दहा मीटर अंतरावरच्या सगळ्या जोड्यांची अशी सरासरी काढायची, मग वीस मीटरच्या, मग तीसच्या. अंतर वाढेल तशी ही सरासरी वाढत जाते आणि एका ठिकाणी सपाट होते. तिथे शेजार संपला. त्यापुढचा होल तुम्हाला परकाच. या आलेखाला व्हेरिओग्राम म्हणतात. आलेखवहीतला तो चढ मी जितक्या वेळा काढला आहे, तितक्या वेळा सहीसुद्धा केली नसेल.

मजा म्हणजे शेजार सगळ्या दिशांना सारखा नसतो. आपल्याकडचं मँगनीज गोंडाइट नावाच्या खडकाच्या जोडीनं येतं. गोंड लोकांच्या नावावरून ब्रिटिश भूशास्त्रज्ञ फर्मोर यानं त्याला हे नाव दिलं. त्याचा मँगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ चा आहे आणि आजही आम्ही तो उघडतो. हे थर एकेकाळी आडवे होते, मग दाबले गेले, दुमडले गेले, आता तिरपे आणि उभे आहेत. थराच्या लांबीच्या दिशेनं गेलात तर शंभर मीटरपर्यंतसुद्धा ओळख टिकू शकते. आडवे गेलात तर पाच-दहा मीटरवर दुसराच दगड.

आता अंदाज करायचा तर प्रत्येक होलला किती वजन द्यायचं? इथे क्रिगिंगची खुबी आहे. समजा पूर्वेला एक होल आहे आणि पश्चिमेला तेवढ्याच अंतरावर तीन होल अगदी खेटून आहेत. साधी सरासरी पश्चिमेला चारपैकी तीन मतं देईल. क्रिगिंग म्हणतं, हे तिघं एकाच घरातले, एकच गोष्ट तीनदा सांगताहेत, तिघांना मिळून जवळजवळ एकाच माणसाएवढं वजन. आणि दुसरी खुबी: क्रिगिंग आकड्याबरोबर स्वतःची शंकाही सांगतं. आसपास होल दाट असतील तर शंका कमी, विरळ असतील तर जास्त. आमच्या नकाशावर शंकेचा भाग लाल रंगात येतो. हा लाल रंग लक्षात ठेवा.

क्रिगिंगचे दोषही आहेत. ते उंचवटे घासून सपाट करतं. आणि होलमधल्या टक्क्यांपलीकडे फारसं बघत नाही. दगडाचा रंग, घनता, चुंबकीय मोजमाप, थराचा कल, खोली ही सगळी माहिती जवळ असते, पण दहा-पंधरा प्रकारची माहिती एकत्र जोडायला ते अवघडतं. तिथे मशीन लर्निंग येतं.

त्यातली आमच्याकडे जास्त चालणारी एक पद्धत म्हणजे रँडम फॉरेस्ट, लिओ ब्रायमन यांनी २००१ साली मांडलेली. आपण मधल्या सुट्टीत खेळायचो तो खेळ आठवा: मनात एक वस्तू धरायची आणि बाकीच्यांनी हो-नाहीचे प्रश्न विचारून ती ओळखायची. यंत्र तेच करतं. घनता साडेतीनच्या वर आहे का? हो. खोली साठ मीटरच्या आत आहे का? नाही. असं करत करत टक्क्यांपर्यंत येतं. अशी प्रश्नांची शेकडो झाडं, प्रत्येकाला थोडी वेगळी माहिती, आणि शेवटी सगळ्यांची सरासरी. एका झाडाची चूक दुसरं झाड झाकतं.

मी हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा, खरं सांगतो, हरखून गेलो. व्हेरिओग्राम काढायला मला आठवडा लागायचा. हे काम दुपारच्या जेवणाआधी झालं.

आता चूक सांगतो.

साल २०१७. एका मँगनीज खाणीसाठी मी सल्लागार म्हणून काम करत होतो. नाव आणि गाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. खाणीच्या पूर्व टोकाला नवीन भाग उघडायचा होता. तिथे बोअरहोल विरळ होते. माझ्या क्रिगिंगच्या नकाशात तो भाग लालच होता. आणखी सहा होल घ्यावेत असा प्रस्ताव होता. पण माझ्याकडे नवं यंत्र होतं. आधीच्या सगळ्या नमुन्यांपैकी ऐंशी टक्के मी त्याला शिकायला दिले, वीस टक्के चिठ्ठ्या टाकल्यासारखे बाजूला काढून परीक्षेला ठेवले. परीक्षेत यंत्राचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा यांत सरासरी दीड टक्क्याचाच फरक निघाला. एवढा चांगला निकाल मी कधी पाहिला नव्हता. नवीन भागासाठी यंत्र म्हणालं: ३६ टक्के. मी अहवालात लिहिलं की सहा होलांची गरज नाही, आणि खाली सही केली.

भाग उघडला. वरची माती-मुरूम काढण्यात महिने गेले. ठेकेदारानं माणसं आणली, त्यात आपल्याच भागातली बरीच होती. मग खनिज लागलं आणि प्रयोगशाळेतून आकडे यायला लागले: २८, २७, पुन्हा २८. घेणाऱ्या कारखान्याशी करार होता त्या टक्क्यांच्या खाली. माल पडून राहिला. दोन महिन्यांनी त्या भागातलं काम थांबलं आणि ठेकेदारानं माणसं कमी केली. मी खाणीवर गेलो होतो तेव्हा डबे बांधून निघालेल्या लोकांच्या टमटमच्या बाजूने माझी गाडी आत गेली. त्यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं की ज्याची सही चुकली तो मागच्या सीटवर बसला आहे.

नागपूरला येऊन मी सगळं पुन्हा काढून बसलो. दोन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट ऐकून शिक्षकांना आनंद होईल. यंत्रानं कॉपी केली होती. आणि बाकांची व्यवस्था मी लावली होती. आपल्याकडे सहामाहीला एका बाकावर एक दहावीचा आणि एक आठवीचा बसवायचे, आठवतं? का, तर शेजाऱ्याच्या पेपरात बघून उपयोग नको. मी काय केलं होतं? एकाच होलचे मीटर-मीटरचे तुकडे. त्यातला बारावा मीटर शिकायला दिला आणि तेरावा परीक्षेला ठेवला. हे दोन तुकडे जवळजवळ जुळे भाऊ. यंत्रानं बाराव्याचं उत्तर तेराव्याला लिहिलं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले. जवळच्या गोष्टी सारख्या असतात, हे ज्या शास्त्राचं पहिलं वाक्य, ते मी वीस वर्षं शिकवत होतो आणि स्वतःच विसरलो. नंतर मी परीक्षा नीट घेतली. खाणीचा एकेक अख्खा भाग, सगळ्या होलांसकट, बाजूला ठेवला आणि बाकीच्यावरून त्याचा अंदाज करायला सांगितलं. चूक दीड टक्क्यावरून जवळपास तिप्पट झाली. तो खरा निकाल होता.

दुसरी गोष्ट माझ्या मायनं सांगितली.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे, माझी माय खदानीत दगड निवडायला जायची. आपल्या वर्गातल्या आणखी दोघांच्या आयाही तिच्यासोबत होत्या. हातोडीनं गोटे फोडायचे, चांगला माल एका बाजूला, निकामी दुसऱ्या बाजूला. शाळेच्या फॉर्मवर मी आईचा व्यवसाय 'घरकाम' लिहीत असे. आज सगळ्यांसमोर ती दुरुस्ती करतो.

त्या दिवसांत माय माझ्याकडे नागपूरला होती. मी त्या भागातले कोअरचे तुकडे घरी आणून टेबलावर मांडून ठेवले होते. यंत्र घनतेवर फार भरवसा ठेवत होतं हे मला दिसलं होतं आणि ते बरोबरही वाटत होतं. मँगनीजचा दगड जड असतो, हे तुमसरचं पोरगंही सांगेल. मायनं एक तुकडा उचलला, तळहातावर झेलला आणि म्हणाली, "जड हाये, पन हा मॅगनीज नोहे." मी विचारलं, कशावरून? तिनं तो उंबऱ्याच्या फरशीवर घासला. रेघ उठली नाही. दुसरा घासला, काळी रेघ उठली. म्हणाली, "जड तर हा बी लागते. पन जो काळं करत नाही, त्याचे पैसे कोनी देत नाही."

तो तुकडा गोंडाइटचा होता, गार्नेटनं भरलेला. गार्नेट म्हणजे तामडा. गोंडाइटमधल्या गार्नेटमध्ये मँगनीज असतं, पण सिलिकेटमध्ये असं कोंडलेलं की कारखान्याच्या दृष्टीनं ते निकामी. त्याची घनता चारच्या वर असते. गारगोटीची २.६५. गार्नेट जास्त झालं की गोंडाइट चांगल्या मँगनीजच्या जवळपास जड होतो. जुन्या भागात असा दगड फारसा नव्हता, म्हणून तिथे 'जड म्हणजे चांगला' हा नियम चालला. पूर्वेला गार्नेट वाढलं आणि नियम मोडला. यंत्राला हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्यानं तसा दगड पाहिलाच नव्हता. मला मार्ग होता. मी कोअरचे डबे उघडून बघायला हवे होते. मी पडद्यावरचे आकडे बघत होतो.

परीक्षा नीट घेतली असती तरी तिनं मला 'गार्नेट' हा शब्द सांगितला नसता. पण 'इथे तुला माहीत नाही' एवढं नक्की सांगितलं असतं. क्रिगिंगच्या लाल रंगानं तर ते आधीच सांगितलं होतं.

मग पुढे काय केलं? मी कंपनीला जाऊन चूक सांगितली. ते सहा होल घेतले गेले, त्यांचे माझे पैसे मी घेतले नाहीत. आणि दोन्ही पद्धती भांडवण्याऐवजी एकत्र आणल्या. तेच आज जगात बऱ्याच ठिकाणी चालतं, ते थोडक्यात सांगतो.

आधी भूशास्त्रज्ञ आणि यंत्र मिळून शिवा आखतात: इथपर्यंत खनिज, इथून गोंडाइट. शिवा पार करून शेजार मोजायचा नाही. मग प्रत्येक हद्दीत यंत्राला सगळी माहिती देऊन ढोबळ अंदाज करायला सांगायचा. प्रत्येक होलवर यंत्र किती चुकलं ते लिहून ठेवायचं, मात्र त्या होलला शिकवणीतून वगळून. आणि त्या चुकांवर क्रिगिंग करायचं. कारण चुकांनाही शेजार असतो. यंत्र एका ठिकाणी कमी सांगत असेल तर पंधरा मीटरवरही बहुधा कमीच सांगत असतं.

उदाहरण घ्या. एका ठोकळ्यासाठी यंत्र म्हणतं ३१ टक्के. आसपासच्या तीन होलांवर त्याची चूक अशी: पहिल्यावर खरा आकडा ४ नं जास्त निघाला, दुसऱ्यावर ३ नं जास्त, तिसऱ्यावर १ नं कमी. क्रिगिंगनं त्यांना वजनं दिली ०.५, ०.३ आणि ०.१, उरलेलं ०.१ कोणालाच नाही, ते शून्याला. मग दुरुस्ती झाली २ अधिक ०.९ वजा ०.१, म्हणजे २.८. अंदाज ३३.८ टक्के. आणि होल फार लांब असतील तर सगळी वजनं शून्याकडे जातात, दुरुस्ती होत नाही आणि शंका मोठी राहते. तेव्हा मी अहवालात मोठी शंकाच लिहितो.

एक गंमत सांगतो. मशीन लर्निंगवाले ज्याला गाउसियन प्रोसेस म्हणतात, त्याचं गणित आणि क्रिगिंगचं गणित मुळात एकच आहे. म्हणजे आम्ही ज्याला जुनं म्हणून बाजूला सारत होतो, ते नव्या घरात नाव बदलून आधीच राहायला गेलेलं होतं.

आणि कुठलंही गणित आत घातलेल्या आकड्यांपेक्षा खरं असू शकत नाही. १९९७ साली इंडोनेशियातल्या बुसांगच्या सोन्याचं प्रकरण जगभर गाजलं. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. तिथे कोअर अर्धी जपून ठेवण्याची नेहमीची रीत न पाळता पूर्णच दळून टाकली जायची. गणित करणाऱ्यांनी त्या खोट्या आकड्यांवर चोख गणित केलं होतं. म्हणून सांगतो, अर्धा दगड डब्यात हवा आणि कोणीतरी तो उघडून बघायला हवा.

त्या पूर्वेच्या भागाचं पुढे काय झालं, हे विचाराल. नवा अंदाज कमी आला, आराखडा लहान झाला, काम पुन्हा सुरू झालं. दर महिन्याला आम्ही अंदाज आणि प्रत्यक्ष निघालेले टक्के शेजारी-शेजारी लिहितो. आता ते बरेच जवळ असतात. कमी केलेल्या माणसांपैकी काही परत आली. सगळी नाही आली. ते मी कुठल्या सूत्रात घालू शकत नाही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मुलाला भूशास्त्राला जाऊ दे. त्याला गणित चांगलं शिकू दे, कम्प्युटरही शिकू दे, कारण ही यंत्रं आता जायची नाहीत आणि जाऊही नयेत. मी त्यांच्याशिवाय आता काम करत नाही. पण त्याला दगड हातात घ्यायची लाज वाटू देऊ नको. यंत्राला परीक्षेला कुठे बसवायचं, त्यानं काय पाहिलेलं नाही आणि कुठे 'मला माहीत नाही' असं लिहून खाली सही करायची, हे माणसालाच ठरवावं लागतं. नोकरी त्या सहीची आहे. ती शिल्लक आहे.

आता गुरुजनांना एक विनंती. आपल्या प्रयोगशाळेत आठवीत बाईंनी दोऱ्याला दगड बांधून पाण्यात बुडवून दाखवला होता. वजन हलकं झालं तेव्हा आपण सगळे 'ओ' करून ओरडलो होतो. मी आजही घनता तशीच मोजतो, फक्त तराजू महाग आहे. त्या प्रयोगशाळेसाठी मी कोअरचा एक डबा आणला आहे, बाहेर व्हरांड्यात ठेवला आहे. त्यात वीस तुकडे आहेत. काही मँगनीजचे, काही गोंडाइटचे, दोन साध्या गारगोटीचे. नावं लिहिलेली नाहीत. सोबत एक खडबडीत फरशीचा तुकडा दिला आहे. उत्तरांची यादी मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात आहे. मुलांनी आधी हातात घ्यावं, तोलावं, घासावं, मोजावं, अंदाज लिहावा, आणि मग पाकीट उघडावं. किती चुकले तेही लिहून ठेवावं.

माय आज हयात नाही. ती यादी तिच्यासारख्याच एका निवडणाऱ्या बाईंनी तपासून दिली आहे. वीसपैकी एक माझा चुकला होता.